‘लूट’ इंग्रजीत गेली तेव्हा : एका क्रियापदाची उलटतपासणी

प्रास्ताविक

भाषाकौशल्यांच्या पाठ्यपुस्तकांत ‘भारताने इंग्रजीला दिलेले शब्द’ अशी एक चौकट बहुतेक वेळा असते. शाम्पू, पायजमा, बंगला, जंगल, पंडित, खाट यांच्या रांगेत ‘लूट’ हा शब्दही उभा असतो. चौकटीचा सूर अभिमानाचा असतो: बघा, आपल्या भाषेने जगाला किती दिले! अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला मी ही चौकट अनेकदा शिकवली आहे. विद्यार्थी यादी पाठ करतात, परीक्षेत तीन गुण मिळवतात आणि पुढे जातात.

या टिपणात आपण त्या यादीतला एकच शब्द बाहेर काढणार आहोत. ‘लूट’ इंग्रजीत केव्हा आणि कोणामार्फत गेली, तिथे गेल्यावर तिचे कोणते अर्थ टिकले, कोणते गळाले आणि आज तिचे काय झाले आहे, हे पाहू. माझे म्हणणे थोडक्यात असे. क्रियापदाचा अर्थ कोशातल्या व्याख्येवर जितका ठरतो, तितकाच त्याचा कर्ता कोण यावरही ठरतो. ‘लूट’ या शब्दाचा सव्वादोनशे वर्षांचा प्रवास म्हणजे मुख्यतः कर्ता बदलण्याचा प्रवास आहे.

१. शब्द नेमका केव्हा गेला?

दिल्लीत वास्तव्य असलेले इतिहासकार विल्यम डॅलरिम्पल यांचे ‘द अनार्की’ हे ईस्ट इंडिया कंपनीवरचे पुस्तक २०१९ साली आले. त्याची सुरुवातच या शब्दाने होते. इंग्रजीत शिरलेल्या अगदी पहिल्या भारतीय शब्दांपैकी ‘लूट’ हा एक आहे आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तो एकाएकी ब्रिटनभर रूढ झाला, असे ते सांगतात. हे विधान फार गाजले. भाषणांत आणि लेखांत ते सतत भेटते.

पण ते तपासून घ्यायला हवे. कालिकत बंदरावरून नाव पडलेले ‘कॅलिको’ हे कापड इंग्रजीत सोळाव्या शतकातच आले होते. ‘करी’ सोळाव्या शतकाच्या अखेरीस आली. ताडीची ‘टॉडी’, खाटेची ‘कॉट’, ‘पंडित’ आणि ‘बंगला’ हे सगळे सतराव्या शतकातले पाहुणे. ‘लूट’ मात्र नोंदवलेली दिसते ती १७८८ साली, लंडनच्या स्टॉकडेल या प्रकाशकाने छापलेल्या ‘इंडियन व्होकॅब्युलरी’ या छोट्या शब्दसंग्रहात. म्हणजे व्यापाराचे, खाण्यापिण्याचे आणि कपड्यांचे शब्द दीड-दोनशे वर्षे आधी गेले आणि ‘लूट’ मागून गेली. कंपनीच्या हातात बंगालची दिवाणी १७६५ साली आली, हे लक्षात घेतले तर हा क्रम स्वाभाविक वाटतो.

त्या १७८८च्या शब्दसंग्रहाबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. वॉरन हेस्टिंग्जवर ब्रिटिश संसदेत महाभियोग सुरू झाला तो याच वर्षी, फेब्रुवारीत. लंडनचे लोक वर्तमानपत्रांत ‘नबाब’, ‘दिवाणी’, ‘झमीनदार’ असले शब्द वाचत होते आणि त्यांना अर्थ हवे होते. पुस्तकाच्या सुरुवातीला महाभियोगाची कार्यपद्धतीही जोडलेली होती. एका अधिकाऱ्याने हिंदुस्थानात काय काय केले याची चौकशी चालू असताना हा शब्द इंग्रजी वाचकाच्या हाती पडला. असे असूनही कोशातला अर्थ निर्विकार आहे: लुटालूट, लूटमार. कोणी केली, याचा उल्लेख नाही.

‘एकाएकी रूढ झाला’ हेही जरा जपून घ्यावे. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दकोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. त्यातली ‘लूट’ची नोंद वेगळे सांगते. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी शब्द पूर्वीपासून होताच, पण खुद्द इंग्लंडात तो १८४१चे चीनमधले युद्ध, १८५४-५५चे क्रिमियाचे युद्ध आणि १८५७-५८चा उठाव या तीन टप्प्यांत हळूहळू रुळला, असे यूल यांचे मत आहे. मला हे मत अधिक पटते, कारण त्यात शब्दाचे वाहक दिसतात. शब्द बोटीतून आपोआप जात नाहीत, माणसे नेतात. इथे वाहक होते युद्धावरून घरी परतणारे सैनिक.

याच नोंदीत एक गमतीची गोष्ट आहे. अॅडमिरल स्मिथ यांच्या १८६७ साली निघालेल्या नाविक शब्दकोशाचा दाखला यूल देतात. त्यात ‘लूट’ हा चीनमधून घेतलेला शब्द आहे, असे म्हटले होते! खलाशांनी तो चीनच्या युद्धात ऐकला म्हणून तो चिनी ठरला. सत्तर-ऐंशी वर्षांत शब्दाच्या मालकाचे नावही पुसले गेले.

२. मुळे : लुण्ट् की लुप्?

‘लूट’ या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल दोन मते आहेत. एका मताप्रमाणे तो संस्कृत ‘लुण्ट्’ किंवा ‘लुण्ठ्’ या धातूवरून आला. ‘लुण्ठन’ म्हणजे लुबाडणे. दुसऱ्या मताप्रमाणे मूळ ‘लोप्त्र’ या शब्दात आहे, म्हणजे चोरीचा माल, आणि त्यामागे ‘लुप्’ हा धातू. आपण ‘लोप पावणे’, ‘लुप्त होणे’ म्हणतो तोच हा धातू. दुसरे मत मानले तर इंग्रजीतले ‘रॉब’ हे क्रियापद ‘लूट’चे दूरचे भावंड ठरते, कारण दोघांचे मूळ एकाच भारत-युरोपीय धातूत शोधले जाते. म्हणजे इंग्रजीकडे या कुळातला एक शब्द होताच.

शिवाय ‘प्लंडर’ होता. तोही उसनाच. जर्मन भाषेत तो घरातले सामानसुमान, अंथरूण-पांघरूण अशा अर्थाच्या शब्दाशी जोडलेला आहे. युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–१६४८) सैनिकांनी तो उचलला आणि १६४२ साली इंग्लंडात यादवी पेटली तेव्हा तिथे तो सर्वांच्या तोंडी झाला.

यावरून एक प्रश्न उभा राहतो. ‘रॉब’ आहे, ‘प्लंडर’ आहे, ‘पिलेज’ आहे. मग ‘लूट’ कशाला हवी होती? भाषा गरज नसताना शब्द सहसा घेत नाही. उत्तर शोधण्यासाठी आधी आपल्याकडे हा शब्द काय काय करतो ते पाहू.

३. आपल्याकडची लूट

मराठीत ‘लुटणे’ म्हणजे फक्त दरोडा नव्हे. आपण मजा लुटतो, आनंद लुटतो, सुट्टी लुटतो. दसऱ्याला आपट्याची पाने देतो-घेतो त्याला ‘सोने लुटणे’ म्हणतो. दिल्लीकडे आपटा सहज मिळत नाही. त्याच्याच कुळातल्या कचनाराचे जोडपान इथल्या मराठी घरांत कामी येऊ शकते. लहान मुलाच्या बोरन्हाणात डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे ओतले की जमलेली पोरे ‘लूट’ करतात. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका एकमेकींना विचारतात, “यंदा काय लुटलंस?” इथे ‘लुटणे’ म्हणजे वाण वाटणे. घेणारी नव्हे, देणारी बाई कर्ता आहे.

ही बाब व्याकरणाच्या दृष्टीनेही पाहण्यासारखी आहे. हिंदी ‘लूटना’ (घेणे) आणि ‘लुटाना’ (उधळणे, वाटणे) अशी दोन रूपे वेगळी ठेवते. मराठी बोलीत दोन्ही कामे एकच रूप करते आणि अर्थ संदर्भावर सोडते. दिल्लीत १५ ऑगस्टला आकाश पतंगांनी भरते. कापलेल्या पतंगामागे मुले धावतात, त्याला ‘पतंग लूटना’ म्हणतात. ज्याच्या हाती लागेल त्याचा पतंग. यात चोरी नाही, कारण मांजा तुटल्यावर पतंगावर कोणाची मालकी राहिली नाही, असा सर्वमान्य संकेत आहे. उत्तरेत रामनामाचीही लूट होते. तीही फुकट मिळणाऱ्या, कितीही घेतली तरी न संपणाऱ्या गोष्टीची.

सारांश, भारतीय भाषांत या शब्दाला किमान तीन पदर आहेत: जबरीने हिसकावणे, मोकळ्या वस्तूवर झडप घालणे आणि हात सैल सोडून वाटणे. इंग्रजीने यातला पहिला पदर घेतला. मात्र घेताना दुसऱ्या पदराचा खेळकर रंग त्यावर चढलेला दिसतो. हा रंग आपल्या शब्दातून गेला की छावणीतल्या थट्टेतून आला, हे सांगता येणार नाही. पण परिणाम स्पष्ट आहे. ‘रॉब’ म्हटले की गुन्हा झाला. ‘लूट’ म्हटले की सैनिकाची धमाल झाली. परका शब्द असल्यामुळे त्याला चर्चमधल्या उपदेशाचा किंवा न्यायालयाचा वास नव्हता. माझ्या मते ‘लूट’ची गरज इथे होती.

४. दिल्ली, १८५७ : ‘लूट’ आणि ‘प्राइझ’

या शब्दाला इंग्लंडात कायमचे घर मिळवून देणाऱ्या घटनांपैकी एक आपल्या दिल्लीत घडली. आजच्या दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर परिसराला लागून असलेल्या टेकडीवर इंग्रज फौजेचा तळ होता. १४ सप्टेंबर १८५७ रोजी शहरावर हल्ला झाला आणि आठवडाभरात शहर पडले. २१ सप्टेंबरला बहादुरशाह जफर हुमायूनच्या मकबऱ्यात शरण आले. रहिवाशांना शहराबाहेर हाकलण्यात आले आणि रिकाम्या घरांत शोध सुरू झाला.

त्या वेळी एकाच कृतीसाठी दोन शब्द वापरात होते. लष्कराने ‘प्राइझ एजंट’ नेमले होते. शत्रूच्या शहरातली मालमत्ता गोळा करायची, तिचा लिलाव करायचा आणि रक्कम हुद्द्याप्रमाणे फौजेत वाटायची, हे त्यांचे काम. फरशा उखडून, भिंती ठोकून पुरलेले धन काढले जाई. याचे नाव ‘प्राइझ’. तेच एखाद्या शिपायाने परस्पर खिशात घातले तर ती ‘लूट’. पहिलीची नोंद वहीत होई, दुसरीला मनाई होती. घरमालकाच्या दृष्टीने दोन्हींत फरक काय, हा प्रश्न त्या व्यवस्थेत कोणी विचारत नव्हते.

चार्ल्स ग्रिफिथ्स हा त्या वेढ्यातला एक अधिकारी. त्याची आठवणवजा हकिगत १९१० साली पुस्तकरूपाने आली. दिल्लीच्या संपत्तीविषयी आणि ती कशी शोधली याविषयी तो मोकळेपणाने लिहितो. आजचा वाचक तिथे अडखळतो, कारण त्यात लाज फारशी नाही. हा त्याच्या एकट्याचा स्वभाव मानू नका. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत हे क्रियापद प्रथमपुरुषात वापरता येत होते. ‘आम्ही लुटले’ हे वाक्य सैनिक सांगू शकत होता आणि ऐकणारे हसू शकत होते.

१८६०चे उदाहरण घ्या. इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटून जाळला. तिथे सापडलेला एक इवलासा पेकिनीज कुत्रा एका कॅप्टनने इंग्लंडला आणून व्हिक्टोरिया राणीला भेट दिला. त्याचे नाव ठेवले ‘लूटी’. १८६१ साली त्याचे चित्रही काढले गेले. राणीच्या महालात हे नाव कोणाला खटकले नसावे, नाहीतर ते बदलले असते. शब्द किती हलका झाला होता याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

५. पुण्याचा एक खटला

‘प्राइझ’ या शब्दाची ताकद काय होती हे पाहायला दिल्लीहून पुण्याला आणि चाळीस वर्षे मागे जाऊ. पेशवाई १८१८ साली संपली. मराठी मुलखातून हाती आलेल्या संपत्तीला इंग्रजांनी ‘डेक्कन प्राइझ’ असे नाव दिले आणि तिच्या वाटणीवरून त्यांच्याच सेनापतींत वर्षानुवर्षे वाद चालला. त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानाशी नाव जोडलेला ‘नासक’ हिरा याच संपत्तीतून लंडनला गेला.

याच काळात पेशव्यांच्या चाकरीतले किल्लेदार नारोबा गोविंद यांचा खजिना पुण्यात कंपनीच्या अधिकाऱ्याने जप्त केला. नारोबांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. हा खासगी माणसाचा पैसा आहे, तो परत करा, अशी मागणी होती. मुंबईच्या न्यायालयाने दावा मान्य केला. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि १८३० साली निकाल उलटला. ही जप्ती युद्धाच्या ओघात शत्रूकडून झालेली आहे, युद्ध तेव्हा पुरते संपले नव्हते, म्हणून दिवाणी न्यायालयाला यात अधिकारच नाही, असे ठरले.

इथे पैसा तोच आहे, घेणारा तोच, ज्याच्याकडून घेतला तोही तोच. मुंबईत जी गोष्ट दिवाणी अन्याय होती ती लंडनमध्ये युद्धकर्म झाली. शब्द बदलला आणि पैसे परत मिळण्याचा मार्ग बंद झाला. शब्दांच्या निवडीला ‘केवळ भाषेचा प्रश्न’ म्हणणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

६. दुसऱ्या बाजूने पाहिलेली लूट

लुटणाऱ्याच्या लेखणीतून आपण बरेच पाहिले. आता ज्याचे गेले त्याच्या लेखणीकडे वळू. यासाठी मराठीत एक अमूल्य पुस्तक आहे: विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक दक्षिणा मिळवण्यासाठी १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि उठावात सापडले. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली तेव्हा ते शहरातच होते. त्यांनी १८८३ साली हकिगत लिहिली. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती १९०७ साली प्रसिद्ध केली. अमृतलाल नागर यांच्या हिंदी अनुवादामुळे उत्तरेतल्या वाचकांनाही ती माहीत आहे.

गोडसे झाशीच्या लुटीचे वर्णन पाळीपाळीने करतात. आधी सोने-नाणे, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड, मग धान्य. ग्रिफिथ्सच्या हकिगतीत संपत्तीचा शोध आहे. गोडसे यांच्या हकिगतीत घर हळूहळू रिकामे होत जाते. त्यांच्या क्रियापदाला कर्म आहे, आणि ते कर्म म्हणजे तांब्या, चादर, जोंधळा. खजिना लुटला जातो तेव्हा वाचकाला फारसे दुःख होत नाही. तांब्या जातो तेव्हा होते.

समीक्षेच्या दृष्टीने मला इथे ‘हॉब्सन-जॉब्सन’च्या नोंदीची मर्यादा दिसते. यूल यांची कालक्रमाची मांडणी चोख आहे, व्युत्पत्तीची चर्चा प्रामाणिक आहे. पण तीन युद्धांची नावे घेऊनही त्या युद्धांत कोणी कोणाला लुटले, हे नोंद सांगत नाही. जणू शब्द तेवढा हातोहात गेला आणि वस्तू जागच्या जागी राहिल्या. दिल्ली पडून तीस वर्षेही झाली नव्हती तेव्हा हे लिहिले गेले. कोशाला हे सांगायची जबाबदारी आहे का? मी म्हणेन, जो कोश अवतरणे आणि प्रसंग देऊन शब्दाचा इतिहास सांगतो, त्याला आहे.

७. आणि आपण?

इथपर्यंत वाचून ‘इंग्रज लुटारू, आपण लुटलेले’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो अपुरा आहे. मराठी वाचकाने तोच आरसा स्वतःसमोरही धरायला हवा.

मराठीत ‘मुलूखगिरी’, ‘चौथाई’, ‘खंडणी’ असे शब्द आहेत. चौथाई म्हणजे परमुलखाच्या महसुलाचा चौथा हिस्सा. तिच्या सनदा असत, हिशेब असत. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालवर चालून गेल्या तेव्हा आपल्या दप्तरात ती चौथाईची वसुली होती. बंगाली घरांत मात्र ‘बर्गी’ हा शब्द मुलांना झोपवताना भीती दाखवण्यासाठी वापरला गेला. ‘बर्गी’ म्हणजे मराठी बारगीर. कलकत्त्याच्या इंग्रजांनी त्याच भीतीने शहराभोवती ‘मराठा खंदक’ खोदायला घेतला. आपल्या कागदावर जी वसुली होती तिला बंगालच्या शेतकऱ्याने दुसरे नाव दिले होते.

दिल्लीतही असेच. १७६० साली पानिपतच्या आधी सदाशिवरावभाऊंनी लाल किल्ल्याच्या दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याची नाणी पाडली. मराठी इतिहासात याचे कारण फौजेची उपासमार आणि पैशाची चणचण असे दिले जाते, आणि ते खोटे नाही. पण त्याच छताबद्दल दिल्लीकराला विचारले असते तर त्याने वेगळे क्रियापद वापरले असते.

‘खंडणी’चा पुढचा प्रवास पाहा. अठराव्या शतकात ती एका सत्तेने दुसऱ्या सत्तेला द्यायची रक्कम होती. तहात तिचा उल्लेख होई. आज वर्तमानपत्रात ‘खंडणी’ मागतो तो गुंड. शब्द तोच, पण त्याच्यामागचे राज्य निघून गेले आणि उरला तो गुन्हा. इंग्रजी ‘प्राइझ’चेही असेच होऊ शकते, संग्रहालयांच्या बाबतीत ते आता होत आहे.

८. आजचा शब्द

विसाव्या शतकात इंग्रजी ‘लूट’ची धमाल ओसरली. नाझींनी ज्यूंच्या घरांतून नेलेल्या चित्रांबद्दल बोलताना हा शब्द आरोप म्हणून वापरला जाऊ लागला. १९९८ साली वॉशिंग्टनमध्ये ४४ देशांनी अशा कलाकृतींबाबत तत्त्वे मान्य केली. पुढे हाच शब्द वसाहतींतून नेलेल्या वस्तूंना लागू लागला. १८९७ साली ब्रिटिश फौजेने नेलेल्या बेनिनच्या ब्राँझ मूर्तींपैकी काही जर्मनीने २०२२ साली नायजेरियाला परत केल्या. आता ‘आम्ही लुटले’ असे कोणी हसत म्हणत नाही. क्रियापद प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात गेले आहे: लुटणारे नेहमी ‘ते’ असतात.

आरोपाचा शब्द म्हणून तो जपून वापरावा लागतो, हेही खरे. लंडनहून २०२४ साली तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आणलेली वाघनखे आपल्याकडे अनेकांनी सरसकट लुटीत धरली. पण संग्रहालयाच्या नोंदीप्रमाणे ती सातारच्या दरबारातले रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांच्या घराण्याकडून आली आणि त्यांना ती भेट मिळाल्याचे सांगितले जाते. ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही, असेही संग्रहालय म्हणते. भेट आणि लूट यांतला फरक आपणच पुसला तर खऱ्या लुटीबद्दलचा आपला दावा दुबळा होतो.

आरोपाचा शब्द कोणावर चिकटतो हेही पाहा. २००५ साली कॅटरिना वादळात अमेरिकेतले न्यू ऑर्लीन्स शहर बुडाले. छातीभर पाण्यातून खाद्यपदार्थ घेऊन जाणाऱ्या माणसांची दोन छायाचित्रे दोन वृत्तसंस्थांनी दिली. कृष्णवर्णीय तरुणाच्या चित्राखाली त्याने दुकान ‘लुटल्याचे’ लिहिले होते. गोऱ्या जोडप्याच्या चित्राखाली त्यांना दुकानातून वस्तू ‘सापडल्याचे’. ओळी लिहिणारे छायाचित्रकार वेगवेगळे होते आणि त्यांनी आपापली कारणेही दिली. तरी वाचकांना जे दिसले ते दिसलेच. दिल्लीतल्या ‘लूट’ आणि ‘प्राइझ’ची जोडी इथे ‘लूट’ आणि ‘सापडणे’ अशी झाली होती.

शेवटी तुमच्या परिचयाचे क्षेत्र. मोबाइलवरच्या नेमबाजीच्या खेळांत पडक्या घरांतून शस्त्रे, औषधे गोळा करतात त्याला ‘लूट’ म्हणतात. वसतिगृहात कोणी “चल, पहिले लूट कर लेते हैं” म्हणतो तेव्हा तो शब्द हिंदीतून इंग्रजीत, इंग्रजीतून कोरियन कंपनीच्या खेळात आणि तिथून पुन्हा दिल्लीत आलेला असतो. या लुटीत घराला मालक नाही. सामान जणू कोणाचेच नव्हते, म्हणून खेळणारा निःशंकपणे ‘मी’ म्हणू शकतो. कापलेल्या पतंगाचा अर्थ इथे परत आला आहे, असे म्हणता येईल. पण १८५७च्या दिल्लीतही घरे रिकामीच होती, आणि ती रिकामी का झाली होती हे आपण वर पाहिले.

याच खेळांतल्या पैसे मोजून उघडायच्या ‘लूट बॉक्स’बाबत बेल्जियमच्या नियामकाने २०१८ साली निर्णय दिला की त्यांतले काही प्रकार तिथल्या कायद्याने जुगारात मोडतात. नावात ‘लूट’ खेळाडूची असली तरी पैसे त्याच्याच खिशातून जातात.

९. निष्कर्ष

‘भारताने इंग्रजीला दिलेले शब्द’ या चौकटीकडे परत येऊ. ‘शाम्पू’ हेही मुळात क्रियापदच. ‘चाँपो’ म्हणजे दाब, मालीश कर. तो शब्द सेवेबरोबर गेला. ‘लूट’ फौजेबरोबर गेली. दोघांना एकाच रांगेत ‘देणगी’ म्हणून बसवणे ही भाषाशास्त्रीय चूक नसेल, पण इतिहासाकडे केलेली डोळेझाक आहे. पाठ्यपुस्तकाने यादी जरूर द्यावी. मात्र ‘दिलेले’ऐवजी ‘गेलेले’ म्हणावे आणि प्रत्येक शब्द कोणाबरोबर गेला हे एका ओळीत सांगावे.

तुम्ही पुढे अहवाल लिहाल, बातम्या वाचाल, करारांवर सही कराल. तिथे ‘अधिग्रहण’, ‘वसुली’, ‘जप्ती’, ‘पुनर्वसन’, ‘डेटा गोळा करणे’ असे शब्द भेटतील. त्यांतला प्रत्येक शब्द लबाड असतो असे नाही. पण प्रत्येकाला तीन प्रश्न विचारता येतात: कर्ता कोण आहे? कर्म कोणाचे होते? आणि ज्याचे गेले, तो हेच क्रियापद वापरेल का?

सरावासाठी प्रश्न

१. तुमच्या मातृभाषेत ‘लूट’ किंवा त्याच्या जवळच्या शब्दाचे किती अर्थ आहेत? प्रत्येक अर्थासाठी एक वाक्य लिहा आणि कर्ता घेणारा आहे की देणारा, ते सांगा.

२. कोणत्याही एका आठवड्याच्या वर्तमानपत्रांतून ‘लूट’, ‘वसुली’, ‘जप्ती’ आणि ‘खंडणी’ हे शब्द असलेली दहा शीर्षके जमवा. कोणत्या कर्त्याला कोणता शब्द मिळतो?

३. ‘माझा प्रवास’मधला झाशीचा भाग आणि दिल्लीच्या वेढ्याची एखादी इंग्रज अधिकाऱ्याची हकिगत शेजारी ठेवून वाचा. दोन्हींत लुटलेल्या वस्तूंची यादी करा आणि फरकावर ३०० शब्दांत लिहा.

४. बंगालमधल्या मराठी मोहिमांचे वर्णन मराठी आणि बंगाली शालेय पाठ्यपुस्तकांत कसे आहे ते मिळवा. दोन्हींतली फक्त क्रियापदे वेगळी काढून त्यांची तुलना करा.